मिटल्या तोंडाचा शाहीर

माझ्या बायकोच्या मामांइतका भांडखोर माणूस महाड आणि पोलादपूर ह्या दोन तालुक्यांत आजवर झालेला नाही, आणि आता त्यांच्या नावाची स्मृती समिती स्थापन झाल्यामुळे ती पुढेही कुणाला होऊ देईल असं वाटत नाही. मामा सकाळी उठले की पहिलं भांडण उजेडाशी. "आलास? वाडीत सगळ्यात शेवटी माझ्याच अंगनात येतोस, ध्यानात हाय माझ्या!" मग कोंबड्यांशी, मग ओल्या लाकडांशी, मग मामीशी. मामीशी लांबलं तर चहा गार व्हायचा, म्हणून मग चहाशी. डोंगरावरच्या त्या वाडीतून खाली उतरून पाचाडच्या रस्त्याला लागेपर्यंत त्यांचा गळा असा तापलेला असे, की एसटीच्या कंडक्टरकडे नुसतं "एक महाड" मागितलं तरी मागच्या बाकावरची बाई दचके. एकदा महाडच्या डॉक्टरने त्यांचा रक्तदाब मोजला आणि काळजीने मान हलवली. मामा म्हणाले, "दाब माझा हाय. तुला जड होत असंल तर सोड तो पट्टा." तो डॉक्टर, बाहेर पेशंट खोळंबलेले असताना, पोट धरून हसत बसला. मामांच्या भांडणाचं हेच होतं. समोरचा चिडायच्या ऐवजी हसायचा, आणि मग मामा दुप्पट चिडायचे.

अर्थात भांडण हा त्यांचा धंदाच होता. मामा जाखडीचे शाहीर. आमच्याकडे गौरी-गणपतीत जाखडीचे सामने होतात. मधे शाहीर आणि ढोलकीवाला बसतात, भोवती पायांत घुंगरं बांधलेले गडी फेर धरून नाचतात. एक पार्टी शक्तीवाल्यांची, दुसरी तुरेवाल्यांची. शक्तीवाले म्हणणार आदिशक्ती मोठी, तुरेवाले म्हणणार शंकर मोठा, आणि खुद्द देवांना मिटवता न आलेलं हे भांडण आमची माणसं पिढ्यानपिढ्या चालवतायत. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच, तोंडासमोर बसून, जबाब द्यायचा, आणि दोघांनी एकमेकांची यथेच्छ लाज काढायची. ज्याची लाज काढावी असं कुणालाच वाटत नाही तो कसला शाहीर! मामा शक्तीवाले. त्यांच्यासमोर तुरेवाला म्हणून जन्मभर एकच माणूस बसला. कशेडी घाटाच्या अंगाला त्याची वाडी. मामांच्याच वयाचा, उंच, काटकुळा, आणि तोंडाने मामांचा बाप. मामांनी आपल्या म्हशीला ह्या तुरेवाल्याचं नाव ठेवलं होतं. म्हैस व्याली की खरवसाचा डबा एसटीतून पोलादपूरला रवाना व्हायचा आणि सोबत निरोप, "बाळंतपन नीट पार पडलं तुझं. रेडकू तुझ्यावरच गेलंय." तुरेवाला खरवस मिटक्या मारत खायचा, डबा धुऊन त्यात आमसुलं भरायचा आणि उलट निरोप द्यायचा, की आमच्या कुत्र्याला तुझं नाव ठेवल्यापासून ते भुंकायचं थांबतच नाय. इतकं प्रेम मी सख्ख्या भावांत पाहिलेलं नाही. सख्खे भाऊ आमच्याकडे बांधावरून कोर्टात जातात.

स्तुती मात्र मामांना मुळीच सोसायची नाही. कुणी गाणं चांगलं झालं म्हटलं की ते डोळे बारीक करून विचारायचे, "ह्याला काय पायजे?" पुण्याहून एक प्राध्यापक आले होते, अस्सल लोककलेचा अभ्यास करायला. मामा म्हणाले, "अस्सल म्हंजे? नकली कुटं बगितलीस?" आणि रेकॉर्डर चालू झाल्यावर त्यांनी त्या प्राध्यापकाच्या छत्रीवरच गाणं रचून म्हटलं. एकदा एका शाळेने झेंडावंदनाला काहीतरी देशभक्तीपर म्हणायला बोलावलं. पाहुण्यांचं भाषण इतकं लांबलं होतं, की उन्हात उभ्या असलेल्या मुलींना घेरी यायला लागली होती. मामा उठले आणि जागच्या जागी जुळवून गायले, झेंडा तर वर गेला बाबा, आता पाहुणा खाली कधी येतोय! पोरं हसून लोटपोट. तेव्हापासून तालुक्यातल्या कुठल्याही मानाच्या मांडवात मामांना खांबाला टेकूसुद्धा दिलं गेलं नाही. मामांना त्याचं काडीचं दुःख नव्हतं. मला होतं. मी चिडून बोललो की म्हणायचे, "जावयबापू, तुमी कशाला रक्त आटवताय? माझ्यासमोर तुरेवाला बसतोय तवर माझं काय अडतंय?"

त्यांचा शेवटचा सामना पोलादपूरच्या जवळ, गौरी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी झाला. दुपारी सुरू झालेल्या सामन्यात दिवस कलला तरी कुणी हरेना. तेवढ्यात तुरेवाल्याच्या मुलाने येऊन बापाच्या कानात सांगितलं, की वाडीवरची जीप निघाली, ह्यानंतर गाडी नाय. म्हाताऱ्याचे गुडघे धड नव्हते, चालत घाट चढणं शक्यच नव्हतं. तो गुडघ्यावर हात ठेवून उठला, आणि मामांनी ती संधी साधली.

"पाठ नको दावू गड्या, समोर उभा ऱ्हा,
ह्या मातीचा असशील तर जबाब देऊन जा!
गानं मोठं का गानारा मोठा, सांग मला आता,
नायतर घुंगरू सोड पायीचं, धर घरचा रस्ता!"

सगळा मांडव उठून ओरडला. तुरेवाला जीपच्या फुटबोर्डवर लोंबकळत मागे वळला आणि त्याने तिथूनच आवाज दिला, "जबाब हाय माझ्याजवळ! पुढल्या गौरीला ये, थोबाड बंद करतो तुझं!" घरी येताना मामा इतके खुशीत होते, की त्यांनी मला, म्हणजे जावयाला, स्वतःच्या हाताने पानाला चुना लावून दिला.

पुढल्या गौरीच्या आधी श्रावणातच मामा गेले. ताप आला, दोन दिवस तापाशी भांडले, आणि गेले. त्या आठवड्यात कशेडीत दरड खाली आली होती. तुरेवाला निरोप मिळताच निघाला, अर्ध्या वाटेवर दगडमातीसमोर ट्रकांच्या रांगेत उभा राहिला आणि परत गेला. तेराव्याला आला तेव्हा पडवीत नुसता बसून राहिला. जाताना मामीला एवढंच म्हणाला, "वैनी, जबाब माझ्याजवळच ऱ्हायला गो." लोकांना वाटलं, म्हातारा काहीतरी बोलायचं म्हणून बोलतोय. पण ह्या लोकांत सवाल अंगावर घेऊन बसलेल्या शाहिरासमोर दुसरा कुणी सामन्याला बसत नाही. आधी तो जबाब दे, मग ये म्हणतात. आणि जबाब द्यायचा कुणाला? तो द्यायला समोर माणूसच उरला नव्हता. म्हाताऱ्याचं गाणं त्या दिवशी बंद पडलं.

इथवर ही आमच्या घरची गोष्ट होती. पुढे ती देशाने ताब्यात घेतली.

मामांच्या शेजारच्या वाडीतला एक जवान कुठेतरी बर्फात ड्युटीवर होता. थंडीने दात वाजायला लागले म्हणून ऊब यायला तो मामांचं गाणं म्हणू लागला. पहिल्या दोनच ओळी, कारण पुढच्या त्याला येत नव्हत्या. मागे पांढरा डोंगर, खांद्याला बंदूक, आणि "पाठ नको दावू गड्या, समोर उभा ऱ्हा!" सोबत्याने मोबाइलवर चित्रण केलं, आणि झालं! सगळ्या देशाने ठरवून टाकलं, की हे सीमेपलीकडच्या शत्रूला दिलेलं आव्हान आहे. बिचाऱ्या जवानाने मामीला फोन करून सांगितलं, "मामी, मी नुसता थंडी वाजत व्हती म्हनून बोल्लो." त्याचं कोण ऐकतो? टीव्हीवाले धापा टाकत वाडीवर चढले. 'राष्ट्रशाहीर' हा शब्द कुणी काढला देव जाणे. सकाळी कुणीतरी म्हणालं, संध्याकाळी बातमीत आला आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात छापायला आला.

माझं चवदार तळ्याच्या रस्त्याला फ्लेक्स छापायचं दुकान आहे. माणसं मोठी कशी होतात हे मला कुणी शिकवायला नको, मी ती फुटावर मोजून मोठी करतो. समितीचे अध्यक्ष मामांचा फोटो घेऊन आले. मामांचा तोंड मिटलेला फोटो जगात अस्तित्वातच नव्हता. बारशाला, लग्नाला, आधार कार्डाला, जिथे म्हणून कॅमेरा समोर आला तिथे मामा त्या कॅमेरावाल्याला काहीतरी सुनावत होते. अध्यक्ष म्हणाले, "हे तेवढं तोंड मिटवा. राष्ट्रपुरुष असा आ वासून बरा दिसत नाही." मी म्हटलं, "अहो, शाहीर होते ते." ते म्हणाले, "म्हणूनच. गंभीर पाहिजेत." कॉम्प्युटरवर बसणाऱ्या मुलीने मामांचे ओठ जुळवले, डोक्यावर कधी न घातलेला फेटा चढवला, मिशीला पीळ दिला, आणि नजर दूर कुठेतरी लावली. मामांची नजर उभ्या जन्मात समोरच्या माणसाच्या तोंडावरून हलली नव्हती. मी तो फ्लेक्स छापला. मी छापला नसता तर पलीकडच्या गल्लीतल्याने छापला असता, ही आमच्या धंद्यातली नेहमीची समजूत. पण मशीनमधून तो हळूहळू बाहेर सरकत होता तेव्हा मला भडभडून आलं, आणि रागही असा आला की त्या अध्यक्षाला त्याच फ्लेक्समधे गुंडाळून सावित्री नदीच्या पुलावरून द्यावा सोडून!

मग आठवणींना नुसता ऊत आला. मामा स्वातंत्र्यानंतर जन्मलेले, पण त्यांनी इंग्रज अधिकाऱ्यासमोर डफ वाजवल्याचं एका वक्त्याने शपथेवर सांगितलं. डफ! मामांनी कधी हातात धरला नाही. ज्या शाळेने झेंडावंदनातून त्यांना हाकललं होतं, तिच्या फाटकावर 'ह्याच प्रांगणात राष्ट्रशाहिरांचा आवाज घुमला' अशी पाटी लागली. घुमला होता खरा, पण काय म्हणून घुमला ते पाटीवर नाही. बाहेरच्यांचं सोडा. माझ्या सासूबाईंनाही एकाएकी आठवायला लागलं, की भाऊ लहानपणी गवताच्या काडीला झेंडा लावून फिरायचा. मामांचा मुलगा नालासोपाऱ्याला असतो. बापाने फोनवर गाणं सुरू केलं की हा "रेंज नाय" म्हणून ठेवून द्यायचा. आता तो चॅनेलवाल्यांना सांगायला लागला, "बाबांची लेवलच अलग होती. देश फर्स्ट, फॅमिली बाद में." आमच्यात कलावंत मोठा करायची रीत म्हणजे मासा साफ करायची रीत आहे. खवले काढा, काटे काढा, डोकं टाका, आणि उरेल ते सगळ्यांना सारखं वाढा. त्यात मासा कुठला होता ते कुणाला कळता कामा नये.

पहिल्या पुण्यतिथीला महाडला मोठा सोहळा झाला. सकाळी पुतळ्याचं अनावरण, अर्थात मिटल्या तोंडाच्या. मामी जांभळ्या रंगाचं लुगडं नेसून आली होती. समितीतल्या एका बाईंना तो रंग प्रसंगाला शोभेना, म्हणून त्यांनी मामीला पांढऱ्या शालीत पार गळ्यापर्यंत गुंडाळून खुर्चीवर बसवलं. शाळेच्या मुलांनी लाकडी बंदुका घेऊन "पाठ नको दावू गड्या" सादर केलं. अर्धी मुलं शत्रू झाली होती, ती शेवटी धडाधड पडली. सवालाच्या दोन ओळी अर्थातच नव्हत्या. गाणं मोठं का गाणारा, असं विचारून कुठला शत्रू पळणार? टाळ्या थांबतात न थांबतात तो मागून एक उंच, काटकुळा म्हातारा खुर्च्यांचा आधार घेत घेत पुढे आला. तुरेवाला! पायात घुंगरं बांधून आला होता. प्रत्येक पायरीला छुम छुम वाजवत तो स्टेजवर चढला आणि निवेदकाच्या हातातला माइक त्याने सरळ ओढून घेतला.

"ह्ये गानं माझ्यावर हाय," म्हातारा म्हणाला. "पाठ दावनारा मीच. जबाब द्यायचा ऱ्हायलाय, त्यो द्यायला आलोय." आणि पुतळ्याकडे वळून, दोन्ही हात कमरेवर ठेवून त्याने सुरू केलं, "आरं म्हशीच्या दलाला, फेटा कुनाचा चोरलास..."

पुढचं ऐकूच आलं नाही. जाखडीचा जबाब आधी लाज काढून सुरू होतो, हे तिथे बसलेल्यांपैकी मामीला, मला आणि फार तर मागे उभ्या असलेल्या चार गड्यांना ठाऊक. बाकीच्यांनी एवढंच ऐकलं, की कुणीतरी राष्ट्रशाहिरांना शिवी दिली. "खाली ओढा त्याला!" "माज आलाय!" कार्यकर्त्यांनी म्हाताऱ्याला दोन्ही दंडांना धरून उचललं. घुंगरं हवेत वाजत होती. मामी शालीतून हात बाहेर काढायची धडपड करत ओरडत होती, "आरं, बोलू द्या रं त्यांना! त्यो सामन्याचा मानूस हाय!" पण मामीसमोर कुणी माइक ठेवलाच नव्हता. मी धावलो, कुणाकुणाला आवरायला गेलो, तर मला ऐकवलं गेलं, की घरच्यांनी तरी भान ठेवावं. घरच्यांनी! मामांच्या घरात भान ठेवायची पद्धतच नव्हती!

पुढे म्हाताऱ्याचेही व्हिडिओ फिरले. खाली काय काय लिहिलेलं होतं ते मी इथे सांगत नाही. शत्रूचा हस्तक इथपासून सुरुवात होती. ज्याला पोलादपूरच्या पलीकडे रत्नागिरीसुद्धा परदेश वाटायची, त्या माणसाला! समितीचे लोक त्याच्या वाडीवर जाऊन म्हणाले, लेखी माफी द्या. तुरेवाला म्हणाला, "लिवता येत नाय. गाऊन मागतो." ते त्यांना परवडणारं नव्हतं, त्यांनी अंगठा घेतला आणि ते निघून गेले. त्यानंतर म्हातारा म्हणे बोलायचाच बंद झाला. सून जेवायला हाक मारायची तेव्हा नुसता येऊन बसायचा.

हे कानावर आल्यावर मामीने मला फोन केला. म्हणाली, "जावयबापू, गौरीच्या दिसाला गाडी काढा आन् त्यांना हितं घेऊन या. कुनाला इचारू नका."

मी गेलो. म्हातारा काही न विचारता गाडीत बसला. गाडी खाली ठेवून, त्याला धरून धरून चढवत आम्ही पोचलो तेव्हा वाडी गौरीच्या गडबडीत होती, भाताला लोंब्या धरायला लागल्या होत्या. मामीने अंगण सारवून ठेवलं होतं. नालासोपाऱ्याहून आलेला मामांचा मुलगा मोबाइल बघत पायरीवर बसला होता. मामी अंगणाच्या एका टोकाला, मामा बसायचे तशी मांडी घालून बसली आणि समोर हात दाखवून म्हणाली, "बसा. तुमच्यावर सवाल हाय."

म्हातारा बसला. गुडघा दुमडेना, तो त्याने हाताने दुमडला. मग एकदम खणखणीत सुरुवात झाली. आधी मामांच्या नाकाची लाज काढली, मग आवाजाची, मग पुतळ्याच्या मिशीची. मामी पदर तोंडात धरून हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आणि मग जबाब आला.

"गानं कसलं मोठं गड्या, गानारा तर खोटा,
शिव्या खाऊन पुन्ना येतो, तोच शाहीर मोठा!"

जबाब झाला की सवाल करणाऱ्याने सांगायचं असतं, पटला की नाही. पटला तर भांडण तिथे मिटलं, दोघंही मोकळे. म्हातारा मामीच्या तोंडाकडे बघत थांबला होता. मुलगा पायरीवरून म्हणाला, "एकदम सही, काका! पटला, पटला. आता खतम करा, बिचाऱ्या म्हाताऱ्याला जाऊ दे, आई." मला मनातून तेच वाटत होतं. किती सोसायचं त्या जिवाने!

"तू गप रे," मामी म्हणाली. मग ती म्हाताऱ्याकडे वळली आणि मोठ्याने, सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी, बोलली, "नाय पटला!"

म्हाताऱ्याने कानामागे हात धरला.

"नाय पटला जबाब," मामी म्हणाली. "ह्याच्यापेक्षा बरा जुळवून आना. पुढल्या गौरीला ह्याच अंगनात."

तुरेवाल्याचा चेहरा फुलत फुलत गेला आणि मग तो ओक्साबोक्शी रडायला लागला. त्याच्या मुलाला मी हे नंतर सांगितलं, तर तो म्हणाला, स्वतःचा बाप गेला तेव्हासुद्धा म्हातारा असा रडला नव्हता. "जिता हाय गो वैनी," तो म्हणत होता, "अजून जिता हाय त्यो भांडकुदळ!" रडता रडताच त्याने मामीकडे बोट रोखलं आणि तो म्हणाला, "शक्तीवाल्यांना पैल्यापास्नं अक्कलच कमी. पुढल्या वर्षी बगतो तुमच्याकडं."

उतरणीला मी त्याचा हात धरला होता. पाय टाकताना तो थांबे, काहीतरी पुटपुटे, बोटांवर ताल मोजे. जबाब जुळवायला लागला होता. वाटेत मी मनाशी त्याचं वय धरून बघत होतो, आणि पुढली गौरी फार लांब वाटत होती.